ईराच्या मापाचे बूट

नेदरलँड्समध्ये स्कीचे बूट शोधत हिंडतोय, असं मी पुण्याला ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी खो खो हसली. "अरे, तुमच्याकडे डोंगर तरी आहे का?" तिचं बरोबरच होतं. सतरा वर्षं मी आइंडहोव्हनला राहतोय, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत काम करतोय, आणि या सतरा वर्षांत चढ म्हणून मला ठाऊक आहे तो फक्त कालव्यावरच्या पुलाचा. आमची तळजाईची टेकडी उचलून इथे आणून ठेवली तर लोक तिकीट काढून बघायला येतील. पण हीच माणसं फेब्रुवारी उजाडला की गाडीच्या टपावर लांबलचक पेट्या बांधतात आणि रांग लावून ऑस्ट्रियाच्या बर्फात घसरायला जातात. ज्याच्याकडे जे नाही त्याचंच त्याला वेड, दुसरं काय!

माझी मुलगी ईरा तेव्हा तेरा वर्षांची होती. तिची शाळेतली मैत्रीण लॉटे आणि लॉटेची आई मार्लीस यांनी तिला फेब्रुवारीच्या सुट्टीत आपल्याबरोबर ऑस्ट्रियाला बोलावलं होतं. मार्लीसने मला बजावलं, "स्की भाड्याने मिळतील, हेल्मेट आमच्याकडे आहे, पण बूट तिचे स्वतःचे घ्या. बूट चुकले की सगळंच चुकतं." मी लगेच हो म्हणालो. त्या काळात ईरासाठी कोणी काहीही करायला सांगितलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

ईराची आई, अनघा, त्याच्या सव्वा वर्ष आधी नोव्हेंबरात कोरोनाने गेली. दवाखान्यात नऊ दिवस होती. ती गेल्यापासून ईरा माझ्याशी मराठीत बोलेनाशी झाली. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत नाहीतर डचमध्ये उत्तर द्यायची, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, "प्रिमा." म्हणजे उत्तम. शाळा प्रिमा, जेवण प्रिमा, झोप प्रिमा. पोरीचं काही दुखलंखुपलं तर ते ओळखायचं काम आमच्या घरात अनघाचं होतं, मी नुसता औषध आणायला जाणारा. आता ओळखणारी राहिली नव्हती आणि ईरा आपणहून सांगत नव्हती. मला बूट हवे होते हे खरंच, पण त्याहून जास्त हवं होतं ते हे, की हिने एकदा तरी माझ्याकडे बघून म्हणावं, बाबा, इथे दुखतंय.

डेल्फ्ट

पहिली फेरी तिला वर्ष होत आलं तेव्हा, पुढच्या नोव्हेंबरमध्ये, डेल्फ्टला झाली. जुन्या वस्तू विकण्याच्या साइटवर जाहिरात होती, 'स्कीचे बूट, एकदाच वापरलेले', आणि खाली नाव होतं गार्गी. मराठी नाव दिसल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक, मी पुढचं वाचलंच नाही. ईराच्या शाळेच्या बुटांतला नंबर बघून घेतला आणि शनिवारी एकटाच आगगाडीत बसलो. अनघा असती तर ईराला बरोबर नेलं असतं. मला ते सुचलंही नाही.

गार्गी परभणीची, डेल्फ्टच्या विद्यापीठात पीएचडी करणारी, चांगली उंच मुलगी. कालव्याकाठच्या एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होती. जिना इतका उभा की चढताना पुढच्या पायऱ्या हाताने धराव्यात. तिने मास्क लावूनच दार उघडलं, खिडकी सताड उघडी ठेवली, मला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः दारापाशी बसली. मग लांबूनच हात लांब करून दडपे पोह्यांची बशी पुढे केली. ओलं खोबरं गोठवलेल्या पाकिटातलं होतं, पण लिंबू आणि मिरची अगदी घरच्यासारखी. दोन वर्षांत घरी गेली नव्हती. "काका, तुम्ही आलात म्हणून केले हो," ती म्हणाली, "एकटीसाठी कोण खोबरं वितळवत बसणार?"

बुटांची कथा तिने हसत हसत सांगितली. विद्यापीठातल्या पोरांबरोबर ती एकदा स्कीला गेली होती. जाण्याआधी व्हिडिओवर आईने सांगितलं, सैल घे गं बाई, थंडीत दोन-दोन मोजे घालावे लागतात. हिने आईचं ऐकलं. "पण मला काही जमलं नाही काका. वळायलाच यायचं नाही. पाय एकीकडे, बूट दुसरीकडे. आपल्याला हे रक्तातच नाही." मीही मान डोलावली, रक्तात नाही म्हणून. दोष रक्ताचा नसून बुटांचा होता हे आम्हा दोन शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

या बुटांचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. ईराचं निघत होतं साडेचोवीस. गार्गीचे होते साडेसव्वीस. मी बूट हातात घेतला, बोटं आत घालून पाहिली, आणि माझ्या आतला सहकारनगरचा बाप म्हणाला, वाढत्या वयाची मुलगी आहे, दोन वर्षं तरी जातील. माझं सगळं लहानपण वाढत्या मापाच्या बुटांत गेलं. जूनमध्ये पुढे कापूस कोंबायचा, दिवाळीत थोडा काढायचा, आणि बूट नेमका बसायला लागायचा तेव्हा त्याचा तळ गेलेला असायचा. वाढत्या मापाचं घेणं म्हणजे मुलांवर प्रेम करणं, असंच आम्ही मानत आलो. गार्गीने बूट सायकलच्या दोन हँडलांना अडकवून स्टेशनपर्यंत आणून दिले आणि म्हणाली, "मुलीला सांगा, दोन मोजे घाल म्हणावं."

ईराने घरी बूट घालून दाखवले, बैठकीच्या खोलीत चार पावलं टाकली. मी पुण्यातल्या दुकानदारासारखं गुडघ्यावर बसून अंगठा कुठवर येतो ते दाबून बघायला गेलो, तर वरचं प्लास्टिक दगडासारखं टणक. काही कळेना. "बरे आहेत ना?"

"प्रिमा," ईरा म्हणाली.

लिंबुर्ग

देशाच्या दक्षिणेला लिंबुर्ग प्रांतात एक टेकडी आहे. पण तीही देवाची नव्हे, माणसांची. जुन्या कोळशाच्या खाणीतून निघालेल्या दगडमातीचा तो ढीग. त्या उतारावर लांबच लांब छप्पर घातलंय आणि आत बारा महिने बर्फ पाडतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मार्लीसने दोघी मुलींचा तिथे सराव ठरवला. मी गाडी चालवायला गेलो.

मोठ्या काचेमागे उपाहारगृह होतं. लसीचा कोड दाखवून आत शिरलो आणि जर्दाळूच्या थराची फ्लाय घेऊन बसलो. फ्लाय म्हणजे तिथली पातळ, गोल, फळं भरलेली खमिराची पोळी, लग्नकार्याला आणि मयतालाही तीच वाढतात. मार्लीसनेच हे सांगितलं, आणि सांगितल्यावर तिला एकदम अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "चांगली आहे." खरंच चांगली होती. आमच्याकडे दुःखाच्या दिवसांत गोडाला हात लावत नाहीत. इथे दुःखात माणसाला आधी गोड खायला बसवतात. कोणाचं बरोबर ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काचेपलीकडे ईरा पडत होती, उठत होती. लॉटे सुळकन पुढे निघून जायची आणि वळून वाट बघायची. दोन तास ईरा पडली आणि उठली, आणि प्रत्येक वेळी काचेकडे बघून तिने मला हात केला. मी व्हिडिओ काढून ताईला पाठवला. 'बघ, किती चिकाटीची आहे,' असं खाली लिहिलं. गाडीत ती झोपून गेली, दमली असेल असं मला वाटलं.

तीन दिवसांनी मार्लीसचा फोन आला. इथली माणसं आडून बोलत नाहीत. "तू ईराचे पाय पाहिलेस का?" तिने विचारलं. ईरा तिच्या घरी गेली होती, मोजे काढताना लॉटेने पाहिलं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती, एक तर मुळापासून सुटत आलं होतं. "पाय आत पुढेमागे घसरतोय, प्रत्येक उताराला बोटं पुढे आपटतात. बूट फार मोठे आहेत." मग जरा थांबून ती म्हणाली, "तिने मला तुला सांगू नको म्हटलं होतं. तू त्या बुटांसाठी डेल्फ्टपर्यंत गेला होतास म्हणून."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात तसाच उभा राहिलो. पोरगी दोन तास नखं फुटेपर्यंत आपटून घेत होती आणि काचेमागे फ्लाय खाणाऱ्या बापाला हात करत होती. मला माझी लाज वाटली. संध्याकाळी मिठाचं कोमट पाणी करून तिच्यापुढे ठेवलं. तिने पाय बुडवले.

"खूप दुखतंय का?"

"इट्स फाइन, बाबा. रिअली."

घरातच

बरोबर मापाचे बूट लगेच आणायचे म्हटलं तर आठवडाभरात पुन्हा टाळेबंदी लागली आणि दुकानं बंद झाली. तेव्हा हा प्रवास घरातल्या घरातच झाला, आणि तो लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अनघाच्या शेवटच्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला, या म्हणून. ईराला मी मार्लीसकडे पाठवलं. दवाखान्यात गेल्यावर मला गाऊन, हातमोजे, चष्मा चढवला आणि आत सोडताना नर्सने विचारलं, मुलगी कुठे आहे? मी म्हटलं, मैत्रिणीकडे. ती म्हणाली, तिलाही आणू शकता, आम्ही तिला तयार करू, पाच मिनिटं तरी भेटू दे. दुपारी तिने पुन्हा विचारलं. मी दोन्ही वेळा नको म्हणालो.

माझ्या डोळ्यांसमोर त्या ऑक्सिजनच्या नळ्या होत्या, अनघाचा सुजलेला चेहरा होता. आणि खरं सांगायचं तर त्यापलीकडे मी विचारच केला नाही, कारण आमच्यात लहान मुलांना अशा ठिकाणी नेत नाहीत. माझे आजोबा गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मला शेजारच्यांकडे कॅरम खेळायला धाडलं, आणि परत आलो तर त्यांची कॉट उचललेली होती, फरशीवर चार पायांच्या खुणा. मला कोणी काही सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. तेच मी माझ्या मुलीला केलं. इथे मुलं आईवडिलांच्या शवपेटीवर रंगाने चित्रं काढतात. शाळेतल्या बाईंनी मला नंतर विचारलंही, ईराला निरोप घेता आला का? मी म्हटलं, कोरोनामुळे सोडलं नाही. ईरालाही मी तेच सांगितलं होतं. एकदा सांगितलं की ते सांगतच राहावं लागतं.

आयसेलच्या काठी

जानेवारीच्या मध्यावर दुकानं उघडली, संध्याकाळी पाचपर्यंत. मार्लीसने एक पत्ता दिला. आयसेल नदीच्या काठी, झुटफनच्या पुढे एका खेड्यात हर्मन नावाचा म्हातारा आहे. त्याने जन्मभर बर्फावर वेगात धावणाऱ्यांचे स्केटचे बूट बनवले, आता स्कीचे बसवून देतो. एका वेळी एकच गिऱ्हाईक, तेही वेळ ठरवून. या वेळी मी ईराला बरोबर घेतलं, शनिवारी सकाळी.

मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी गुंडाळून घेतली होती. पोळ्या मी अनघा गेल्यावर शिकलो. अजूनही त्या कुठल्या ना कुठल्या देशाच्या नकाशावर जातात. पूर्वी ईरा कुठला देश ते ओळखून हसायची. आता नुसती खाते.

नदीला पूर होता. आयसेल आपल्या पात्रातून उठून दोन्ही बाजूंच्या कुरणांत पसरली होती. कुंपणांचे खांब, बाभळीसारख्या खुरट्या झाडांचे शेंडे आणि एक पाटी एवढंच पाण्याबाहेर होतं. बांधावरून गाडी जात होती आणि खाली हजारो रानबदकं पाण्यावर बसून होती. आमच्याकडे पूर म्हटला की भांडीकुंडी माळ्यावर जातात. इथे नदीला पसरायला जागाच सोडून ठेवलेली असते, ती येते, बसते, उतरते. खेड्यातलं हॉटेल बंद होतं, पण खिडकीतून कागदी पेल्यात वाटाण्याचं घट्ट सूप देत होते. गारठ्यात उभं राहून आम्ही पोळीबरोबर ते खाल्लं. ईराने पेला पुसून घेतला, तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

हर्मनचं दुकान म्हणजे जुना गोठा. भिंतीभर लाकडी पायांचे साचे टांगलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. हर्मन सत्तरीचा, मास्क नाकाखाली घसरलेला. माझं डच कामापुरतं, त्यात त्याची त्या भागाची बोली, त्यामुळे ईरा मधे बसून त्याचं म्हणणं मला इंग्रजीत सांगत होती.

त्याने बुटांकडे पाहिलंच नाही. ईराला अनवाणी फरशीवर उभं केलं आणि स्वतः स्टुलावर बसून नुसतं तिच्या पायांकडे बघत राहिला. पाच मिनिटं तरी बघितलं असेल. मग म्हणाला, पुढे रुंद, टाच अगदी बारीक, कमान उंच. असे पाय मी इथे फारसे बघत नाही. हे कोणाचे?

"आईचे," ईरा म्हणाली.

अनघा दर वेळी पुण्याहून चपलांचे चार-चार जोड आणायची. इथले बूट मला होत नाहीत, पुढे चावतात आणि टाचेतून निसटतात, म्हणायची. मी चेष्टा करायचो, "तुझे पाय म्हणजे भाकरी आहेत." एवढ्या वर्षांत मी त्या पायांकडे एकदाही धड बघितलं नव्हतं. ईराने बघितलं होतं.

मग त्याने गार्गीच्या बुटांतलं आतलं मऊ अस्तर काढून टाकलं आणि ईराला नुसत्या कवचात पाय घालायला लावला, बोटं पुढे टेकवून. मागे टाच आणि कवच यांच्या मधल्या फटीत त्याने हात घातला. दोन बोटं जायला हवीत, तिथे त्याचा सगळा पंजा आत गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ईराला म्हटलं, "त्यांना सांग, मी वाढत्या मापाचे घेतले." तिने सांगितलं. म्हातारा हसला नाही. म्हणाला, बूट आजच्या पायाला घ्यायचा असतो.

साडेचोवीसचे बूट काढले. बारीक एकच मोजा. पुढे जिथे पाय रुंद तिथे त्याने कवच तापवलं आणि आतून यंत्राने दाबून फुगवलं, थंड होऊ दिलं, पुन्हा घातलं, पुन्हा तापवलं. ताठ उभं राहिलं की बोटं टेकतात, गुडघा वाकवून पुढे झुकलं की मागे सरतात, तसंच हवं. ईरा पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मी सवयीने विचारलं, "बरे आहेत ना?"

हर्मनने हात वर करून मला थांबवलं. ईराने मला सांगितलं, थोडी हसतच, "ही सेज, डोन्ट आस्क इफ इट्स गुड. किड्स ऑलवेज से येस. आस्क व्हेअर." आणि त्याने तिला विचारलं, कुठे? ईराने आधी माझ्याकडे पाहिलं. मग तिने उजव्या करंगळीच्या बाजूला बोट ठेवलं. त्याने खडूने खूण केली. आणखी कुठे? डाव्या घोट्याच्या आत. तिथेही खूण झाली. दीड तासात ईराने त्या अनोळखी म्हाताऱ्याला सात जागा सांगितल्या. ते बूट पुढे ऑस्ट्रियात आठवडाभर चालले आणि नखांना काही झालं नाही, इतकं चोख काम त्याने केलं. पण त्या वेळी मी खडूच्या त्या खुणा बघत होतो आणि मला रडू येत होतं. मास्कमुळे ते कोणाला दिसलं नाही.

शेवटी अर्धा तास बूट घालून बसून राहायचं होतं. हर्मनने कॉफी आणली, ईराला गरम चॉकलेट. सहज म्हणून विचारलं, आई नाही स्की करत?

"माझी आई मेलीय," ईरा डचमध्ये म्हणाली. "कोरोनाने." आम्ही मोठी माणसं गेली म्हणतो, राहिली नाही म्हणतो. तिने सरळ सांगून टाकलं.

हर्मनने कप खाली ठेवला. तू होतीस का तिच्याजवळ?

"नाही. सोडत नव्हते ना तेव्हा."

म्हातारा थोडा वेळ खडू हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, माझी बायकोही कोरोनानेच गेली, पहिल्या वसंतात. नातवंडांना सोडलं होतं. गाऊन घालून, एकेकाला.

हे वाक्य ईराने मला भाषांतर करून सांगितलं नाही, पण तेवढं डच मला कळलं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी बुटांकडे.

निघताना हर्मन म्हणाला, पुलावरून जाऊ नका, फेरीने पलीकडे जा, अशी नदी रोज दिसत नाही. फेरी म्हणजे दोन-चार गाड्या मावतील असा तराफा, या काठावरून त्या काठावर. आम्ही धक्क्याला पोचलो तेव्हा ती पलीकडे होती. पुढे एकच गाडी होती. मी इंजिन बंद केलं. काचेवर बारीक पाऊस जमायला लागला.

"बाबा," ईरा म्हणाली, आणि मग मराठीत, "मला येऊ दिलं असतं का त्यांनी?"

मराठीत विचारलं नसतं तर मी कदाचित पुन्हा खोटं बोललो असतो.

"हो," मी म्हटलं. "नर्सने दोनदा विचारलं. मीच नको म्हणालो."

"का?"

मी सांगितलं. नळ्यांचं सांगितलं, आजोबांच्या कॉटचं सांगितलं. सांगताना ते सगळं फार अपुरं वाटत होतं. "मला वाटलं तू घाबरशील. आणि मी स्वतःच घाबरलो होतो. चुकलं माझं, ईरा. फार चुकलं."

ती समोर पाण्याकडे बघत होती. "आईला माहीत होतं मी येणार नाही?"

"तिने विचारलं होतं तुझं. ईरा जेवली का, म्हणून. मी सांगितलं, लॉटेकडे पॅनकेक खातेय."

"मग?"

"मग म्हणाली, बरं."

ईरा दार उघडून बाहेर गेली. धक्क्याच्या टोकाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी गाडीतच बसून राहिलो, तिच्यामागे जावं की जाऊ नये ते मला कळत नव्हतं. फेरी मधल्या पात्रात आली तेव्हा ईरा परत येऊन बसली. केस भिजलेले होते.

"मी आले असते," ती म्हणाली. "सायकलने अकरा मिनिटं लागतात."

"तुला काय माहीत?"

"जाते ना मी. बुधवारी."

बुधवारी शाळा लवकर सुटते. वर्षभर मी समजत होतो, बुधवारी ती लॉटेकडे असते.

"तिथे जाऊन काय करतेस?"

"काही नाही. उभी राहते." तिने बाहीने तोंड पुसलं. "कोणती खिडकी ते मला माहीत नाहीये."

फेरीवाल्याने हात केला. मी गाडी तराफ्यावर चढवली. नदी ओलांडायला चार मिनिटंही लागली नसतील, मला त्यातलं काही दिसलं नाही. पुढे घरापर्यंत दीड तास ती खिडकीबाहेर बघत होती. ती माझ्यावर रागावली होती, आणि तिने रागवायलाच हवं होतं.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. ती बुटांचं खोकं घेऊन वर निघाली. मी म्हटलं, "ईरा, सायकल काढ. मी दाखवतो."

ती जिन्यात थांबली. मग खोकं तिथेच ठेवून खाली आली.

मी पुढे, ती मागे. त्या दिवसानंतर मी त्या रस्त्याला गेलो नव्हतो, लांबचा वळसा घेऊन ऑफिसला जायचो. दवाखान्याच्या मोठ्या दरवाजासमोर बस थांबतात, तिथे मी सायकल उभी केली आणि वर बोट दाखवलं. तिसरा मजला, डावीकडून चौथी. आत दिवा होता, कोणीतरी पडदा ओढत होतं.

ईरा मान वर करून बघत राहिली. मीही बघत राहिलो. खूप वेळाने तिने माझ्या कोटाची बाही धरली.

"बाबा," ती म्हणाली, "मी दर वेळी मागच्या बाजूला उभी राहायचे."